दुष्काळ आणि दख्खनची भाकरी

‘दुष्काळांत तेरावा महिना’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं इतकी रुळलेली आहे कीं, तिच्या पोटांत एक संपूर्ण अर्थशास्त्र सांठविलेलें आहे, याची जाणीव सहसा कोणास होत नाहीं. पंचांगांत अधिक मास आला म्हणजे वर्ष लांबतें. परंतु घरांतलें धान्य कांहीं लांबत नाहीं. एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंत पुरेल एवढेंच धान्य ज्याच्या घरीं आहे, त्याला सुबत्तेच्या वर्षींसुद्धां तेरावा महिना जड जातो. मग दुष्काळाची कथा काय सांगावी! पाऊस, पीक, सांठा आणि भूक या चार गोष्टींचा हिशोब या तीन शब्दांत बसविलेला आहे. समाजाची अन्नव्यवस्था म्हणजे तरी दुसरें काय आहे? हा हिशोब पुरा पडावा म्हणून त्यानें केलेली योजना, हीच ती व्यवस्था होय.

या दृष्टीनें दख्खनच्या पठाराचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास फार बोधप्रद आहे. अवर्षण हें या भूमीच्या पांचवीलाच पुजलेलें आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर जो पाऊस शेंकडों इंच कोसळतो, तोच पूर्वेकडे थोडेसें उतरून गेल्यावर वीस-पंचवीस इंचांवर येऊन ठेपतो. आणि तेवढाही तो नेमानें येईल असा भरंवसा नसतो. अशा प्रदेशांत प्रत्येक मोठ्या दुष्काळानें लोकांच्या ताटांत कांहीं तरी फेरफार केला. परंतु ज्या उपायानें एक संकट टळलें, त्याच उपायाच्या पोटीं पुष्कळदां पुढच्या संकटाचें बीज पडलें. हवामान बदलत चाललें आहे आणि त्याबरोबर अन्नव्यवस्थाही बदलली पाहिजे, असें आज सर्वत्र म्हटलें जातें. हा बदल दख्खननें यापूर्वींच तीन-चार वेळां करून पाहिला आहे. आणि त्याचा जमाखर्च मांडण्यासारखा आहे.

जुन्या व्यवस्थेचा कणा म्हणजे जोंधळा. भीमा, सीना, नीरा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन ठेवते आणि हिंवाळ्यांत तें हळूहळू परत देते. भाद्रपद-आश्विनांत परतीचा पाऊस झाला कीं रब्बीची ज्वारी पेरावयाची आणि पुढें एक थेंबही न पडतां, केवळ जमिनींतल्या ओलाव्यावर व थंडींतल्या दंवावर ती माघ-फाल्गुनांत घरीं आणावयाची, ही रीति येथील शेतकऱ्यानें कित्येक पिढ्यांच्या अनुभवानें बसविली. या पिकाची प्रकृतिच मुळीं अवर्षणाला सोसणारी आहे. पानांवर मेणासारखा थर असतो. ऊन फार झालें तर पान गुंडाळून घेतें. पाणी अगदींच तुटलें तर रोप वाढ थांबवून स्वस्थ राहतें आणि ओल मिळतांच पुन्हां वाढीला लागतें. धान्य माणसाला आणि कडबा जनावराला, अशी एकाच ताटाची दुहेरी कमाई होती. भाकरीइतकाच कडब्याला मान होता. कारण बैल जगला तरच पुढचें पीक येणार, हें शेतकरी जाणून होता.

या पिकाभोंवतीं गांवाची सारी रचना उभी होती. खळ्यावर मळणी झाली कीं सुतार, लोहार, कुंभार, चांभार इत्यादि बलुतेदारांचा वांटा तेथेंच निघे. उरलेलें धान्य पेवांत जाई. गांवांतील टणक, कोरडी जागा पाहून खोल खड्डा खणावयाचा, त्याला आंतून कडब्याचें व भुशाचें अस्तर द्यावयाचें, धान्य भरून तोंडावर शिळा बसवावयाची व वरून माती लिंपून टाकावयाची, असें हें पेव असे. आंतल्या धान्याच्या श्वसनानें तेथली हवा दूषित होई व तिच्यांत किडे मरून जात; म्हणून धान्य कित्येक वर्षें टिके. पेव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये, तें कांहीं वेळ उघडें ठेवावें, हा दंडक याच कारणानें पडला. तो मोडणारे प्राणांस मुकल्याच्या कथा खेडोपाडीं सांगितल्या जात. ज्या गांवांत भरलेलीं पेवें आहेत, त्या गांवाला एक-दोन वर्षांच्या अवर्षणाची भीति नव्हती.

परंतु या जुन्या व्यवस्थेचें उगाच गोडवें गाण्यांतही अर्थ नाहीं. पाऊस लागोपाठ चुकला कीं पेवें रितीं होत आणि मग तिला दुसरा आधार नसे. १६३० ते १६३२ या काळांत गुजरात व दख्खन या प्रांतांत पडलेल्या दुष्काळाचें वर्णन शाहजहानच्या दरबारी बखरकारानें केलें आहे, तें वाचतांना अंगावर कांटा येतो. तुकोबांचें घर याच दुष्काळानें उध्वस्त झालें, अशी वारकरी संप्रदायांत परंपरा आहे. १७९१-९२ च्या दुष्काळांत इतकीं माणसें मेलीं कीं, रस्तोरस्तीं पडलेल्या कवट्यांवरूनच त्याला नांव मिळालें. शिवाय पेव कोणाचें, हाही प्रश्न होताच. सावकाराचें व पाटलाचें पेव भरलेलें असे. कुळाचें आणि मजुराचें पेव बहुधा नसेच.

एकोणिसाव्या शतकांत या व्यवस्थेखालची जमीनच सरकली. शेतसारा रोख पैशांत आणि ठरलेल्या हप्त्यानें भरावयाचा झाला. त्यामुळें पीक आल्याबरोबर तें विकणें भाग पडलें. मुंबईहून निघालेली आगगाडी १८६० सालीं सोलापुरास पोंचली आणि धान्याला दूरचा बाजार मिळाला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाचे भाव कडाडले आणि शेतकऱ्यांच्या हातीं चार पैसे खेळूं लागले. युद्ध संपतांच भाव कोसळले, कर्ज मात्र राहिलें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं. त्यांत जळाला तो कागद होता. परंतु पेवें केव्हांच रितीं झालेलीं होतीं.

अशा स्थितींत १८७६ चा पावसाळा चुकला. सोलापूर, कलादगी, नगर, पुणें, सातारा या जिल्ह्यांत पीक बुडालें. मद्रास, म्हैसूर व हैदराबाद या मुलुखांतही तीच गत झाली. १८७८ पर्यंत चाललेल्या या महादुष्काळांत इंग्रजी अमलाखालील प्रदेशांतच पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं, असा अंदाज आहे. याच काळांत हिंदुस्थानांतून विलायतेस गहूं जात होता. आगगाडीनें धान्य आणतां येतें हें खरें. पण तीच आगगाडी तें नेतेही, आणि कोणत्या बाजूला न्यावयाचें हें पोट ठरवीत नाहीं, पैसा ठरवितो, ही गोष्ट दख्खनला तेव्हां कळली.

सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यानें सर रिचर्ड टेंपल यास दुष्काळाच्या पाहणीसाठीं पाठविलें, तेव्हां खर्च कमी करावा हें धोरण ठरून मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व वर एक आणा यावर आणण्यांत आली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढें अन्न पुरत नाहीं, हें उघड होतें. १८७७ च्या आरंभीं मुंबई इलाख्यांतील हजारों मजूर काम सोडून निघून गेले. उपाशी माणसांनीं केलेला हा संप त्या काळांतील एक असामान्य घटना होय. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें, गांवोगांवची माहिती गोळा करून सरकारपुढें मांडली. हा आवाज आणि हा मृत्यु यांच्या दडपणाखालीं नेमलेल्या दुष्काळ आयोगानें १८८० सालीं जो अहवाल दिला, त्यांतील मुख्य निष्कर्ष असा होता कीं, दुष्काळांत खरी टंचाई धान्याची नसून धान्य विकत घेण्यास लागणाऱ्या कामाची व मजुरीची असते. त्यावरून दुष्काळाचे नियम तयार झाले. १८९६ सालीं पुन्हां दुष्काळ पडला, तेव्हां टिळकांनीं ‘केसरी’तून हेच नियम शेतकऱ्यांना समजावून सांगितले व ते मागण्याचा त्यांना हक्क आहे हें शिकविलें. महात्मा फुले यांनींही ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथांत, डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पावसाचें पाणी शेतांतच मुरवावें, अशी सूचना सरकारला केली होती. कामाचा हक्क आणि पाणी मुरविण्याची युक्ति हे दोन्ही विचार त्या दुष्काळाच्या राखेंतून निघाले. दुर्दैवानें पहिला अर्धामुर्धा अमलांत आला आणि दुसरा कित्येक दशकें कागदावरच राहिला.

सरकारनें मोठा भर दिला तो कालव्यांवर. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. जोंधळ्याला दुष्काळापासून संरक्षण द्यावें, हा त्याचा उद्देश होता. परंतु झालें निराळेंच. पाऊस बरा असलेल्या वर्षीं काळ्या जमिनींतल्या जोंधळ्याला पाणी नको असे, आणि पाणीपट्टी भरावयास शेतकरी तयार नसे. दुष्काळांत मात्र सगळेच एकदम पाणी मागत. अशा गिऱ्हाइकावर कालव्याचा खर्च भागेना. बारमाही पाणी मागणारें आणि बारमाही पट्टी भरणारें पीक हवें होतें. तें ऊस हें होतें. म्हणून जोंधळ्यासाठीं खणलेल्या कालव्याचें पाणी उसाला जाऊं लागलें. मुंबई इलाख्यांत नोकरीस असतांना विश्वेश्वरय्या यांनीं पाणीवाटपाची ‘ब्लॉक’ पद्धति सुचविली. तींत उसाबरोबर इतर पिकांची फेरपालट करावी आणि पाणी अधिक गांवांना मिळावें, असा हेतु होता. तरी उसाचा ओढा कांहीं कमी झाला नाहीं. अतिपाण्यानें नीरेच्या खोऱ्यांतील कित्येक शेतें खारवट होऊन गेलीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं १९१० सालींच त्यांची पाहणी प्रसिद्ध केली. पुढें प्रवरेच्या कांठीं, १९५० सालीं, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्याच्या हातीं कारखाना आला, ही गोष्ट थोर होती. परंतु अवर्षणाच्या प्रदेशांत सर्वांत तहानलेलें पीक सर्वांत प्रतिष्ठित ठरलें, हेंही तितकेंच खरें.

याच काळांत, कोणाच्या फारसें लक्षांत न येतां, दुसरें एक काम चाललें होतें. कालव्याचें पाणी ज्याच्यापर्यंत कधींच पोंचणार नाहीं, त्या कोरडवाहू शेतकऱ्याचें काय, हा प्रश्न नारायणराव कानिटकर यांनीं हातीं घेतला. १९२३ पासून पुण्याजवळ मांजरी येथें व १९३३ पासून सोलापूर येथें त्यांनीं प्रयोग केले. शेताला बांध घालून पाणी अडवावें. दर तीन वर्षांनीं खोल नांगरट करावी. बीं कमी व अंतरानें पेरावें. आणि कुळवाच्या पाळ्या वारंवार देऊन जमिनीच्या भेगा बुजवाव्या, म्हणजे ओल उडून जात नाहीं, अशी त्यांची पद्धति होती. तींत कोठेंही मोठें यंत्र नाहीं कीं मोठी रक्कम नाहीं. १९४२ सालीं मुंबई सरकारनें जमीनसुधारणेचा कायदा केला आणि ठिकठिकाणीं बांधबंदिस्तीचीं कामें निघालीं. सोलापूर जिल्ह्यांतच मोहोळ येथें स्थानिक ‘मालदांडी’ ज्वारींतून निवड करीत करीत १९३० नंतरच्या दशकांत जो वाण सिद्ध झाला, तो आजही रब्बीच्या शेतांतून हटलेला नाहीं. त्याची भाकरी पांढरी व गोड, कडबा उंच व कोवळा. आणि ओल तुटल्यावरही तो कणीस भरतो. पुढें आलेल्या अनेक सुधारलेल्या वाणांना त्याची बरोबरी साधली नाहीं.

आकाशाकडे पाहण्याची दृष्टिही याच अर्धशतकांत बदलली. १९०४ ते १९२४ या काळांत हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख असलेले सर गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. मोसमी पाऊस कां चुकतो, हें शोधण्याकरितां त्यांनीं साऱ्या जगाच्या हवेच्या दाबाचे आंकडे ताडून पाहिले. तेव्हां पॅसिफिक व हिंदी महासागर यांवरील दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणें खालींवर होतो, असें त्यांना आढळून आलें. १९२८ सालीं या खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. १९६९ सालीं ब्यार्कनेस या शास्त्रज्ञानें या तराजूचा संबंध पेरूच्या किनाऱ्याकडील समुद्र तापण्याशीं जोडून दाखविला. त्या समुद्रतापनालाच ‘एल निनो’ म्हणतात. आणि १८७७ चा एल निनो अत्यंत तीव्र होता, हें आतां सिद्ध आहे. सुप्याच्या शेतकऱ्याचें नशीब दक्षिण अमेरिकेच्या समुद्रांत लिहिलें जात होतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. मात्र पाऊस समुद्रामुळें चुकला. माणसें मेलीं तीं समुद्रामुळें नव्हेत.

दुसरें महायुद्ध आलें. ब्रह्मदेश पडल्यामुळें तेथला तांदूळ बंद झाला. १९४३ सालीं मुंबई शहरांत धान्याचें रेशनिंग सुरू झालें आणि त्याच वर्षीं बंगालमध्यें लाखों माणसें भुकेनें मेलीं. सरकारनें धान्य खरेदी करावें, सांठवावें आणि ठरलेल्या भावानें वांटावें, ही कल्पना तेव्हांपासून रुजली. एका अर्थीं हें गांवाचें पेव देशाचें पेव झालें. स्वातंत्र्यानंतर १९५६ सालापासून अमेरिकेचा गहूं करारानें येऊं लागला. १९६५ व १९६६ या दोन वर्षीं पाऊस चुकला, तेव्हां देश बंदरांत लागणाऱ्या जहाजांकडे डोळे लावून बसला होता. १९६५ सालीं अन्न महामंडळ स्थापन झालें. गहूं व तांदूळ यांना हमीचा भाव व हमखास गिऱ्हाईक मिळालें. ज्वारीलाही नवें बियाणें मिळालें नव्हतें असें नाहीं. १९६४ सालीं देशांतील पहिली संकरित ज्वारी बाहेर पडली आणि महाराष्ट्रांत ती झपाट्यानें पसरली. उत्पन्न वाढलें, पण ती खरिपांत लौकर तयार होई, शेवटच्या पावसांत सांपडून दाणा काळा पडे, आणि ताट बुटकें असल्यामुळें कडबाही कमी येई. भाकरीची चव गेली, अशी तक्रार घरोघर ऐकूं येऊं लागली.

मग १९७२ साल उजाडलें. त्याआधींचीं दोन वर्षेंही वाईट गेलीं होतीं. या वर्षीं तर महाराष्ट्राचें धान्योत्पादन नेहमींच्या निम्म्याच्या आसपास आलें. विहिरी आटल्या, गुरें बाजारांत मातीमोल विकलीं गेलीं. परंतु १८७६ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. पाझर तलाव, बांध, रस्ते, खडी फोडणें अशीं कामें गांवोगांव निघालीं आणि मे १९७३ मध्यें त्यांवर सुमारें ४९ लाख माणसें राबत होतीं. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. कामावर सुकडी मिळे; रेशनच्या दुकानांत अमेरिकेची तांबडी ‘मिलो’ मिळे. ही मिलो ज्वारीचीच जात. परंतु गुरांच्या वैरणीसाठीं पिकविलेली. तिची भाकरी थापतांना तुटे, खातांना घशाखालीं उतरत नसे. त्या पिढींतल्या माणसांना आजही मिलोचें नांव काढलें कीं तो रंग आणि ती चव आठवते. तरी ती खाऊन माणसें जगलीं, हें विसरून चालणार नाहीं.

या दुष्काळांतून महाराष्ट्रानें जगाला एक देणगी दिली. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ पासून तासगांव तालुक्यांत ज्या कल्पनेचा प्रयोग चालविला होता, तीच रोजगार हमी योजना होय. जो काम मागेल त्याला काम देणें हें सरकारचें कर्तव्य आहे, असा कायदा महाराष्ट्र विधिमंडळानें १९७७ सालीं केला. आणि तिच्या खर्चासाठीं शहरांतील नोकरदार व धंदेवाले यांच्यावर १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यांत आला. दुष्काळाचा भार शहरानें उचलावा, हें तत्त्व येथें प्रथम मान्य झालें. १८७७ सालीं खडीवरून उठून गेलेल्या मजुरांचें म्हणणें, शंभर वर्षांनीं कां होईना, कायद्याच्या भाषेंत उतरलें. २००५ सालच्या केंद्रीय कायद्यानें तेंच तत्त्व साऱ्या देशांत नेलें.

येथें एका प्रकरणाचा शेवट गोड झाला; परंतु दुसरें प्रकरण मात्र उलट दिशेनें चाललें होतें. भूक टळली आणि भाकरी मागें पडली. १९६० च्या सुमारास महाराष्ट्रांत ज्वारीखालीं साठ लाख हेक्टरांहून अधिक जमीन होती. आतां ती एक-तृतीयांशाहूनही कमी उरली आहे. खरिपांतली ज्वारी सोयाबीननें जवळजवळ हुसकावून लावली. बागाइतांत ऊस बसला. आणि रेशनच्या दुकानांतून गहूं व तांदूळ घरोघर गेला. याचा दोष शेतकऱ्याला देणें अन्यायाचें होईल. ज्वारी हातानें उपटावी लागते, पांखरें राखण्याकरितां गोफण घेऊन माळ्यावर उभें राहावें लागतें, आणि एवढें करून हमखास गिऱ्हाईक नाहीं. घरांतल्या बाईलाही दोष देतां येणार नाहीं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाहीं. पीठ ताजें हवें, पाणी गरम हवें, हात तयार हवा आणि प्रत्येक भाकरी स्वतंत्र थापावयास हवी. शिवाय पोळी हें एके काळीं सणाचें अन्न होतें. ज्याच्या आजाला ती वर्षांतून चार वेळां मिळाली, त्याच्या नातवाला ती रोज मिळूं लागली, तर त्यांत त्याला समाधान वाटल्यास नवल काय? आणि दैव असें विचित्र कीं, गरिबाचें म्हणून टाकलेलें हें धान्य आतां बाजारांत पुष्कळदां गव्हाहून महाग विकलें जातें. ज्यानें सोडलें त्याला तें परत घेणें परवडत नाहीं.

नेमक्या याच वेळीं हवामान बदलूं लागलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पृथ्वीचें सरासरी तपमान एक अंश सेल्सिअसहून अधिक वाढलें आहे. १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले, असें पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें. म्हणजे एकीकडे लांबलेली उघडीप आणि दुसरीकडे एका दिवसांत महिन्याचा पाऊस! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें गारपिटीनें काढणीला आलेली ज्वारी झोडपून काढली. २०१६ सालीं लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. ज्या आगगाडीनें १८७६ सालीं धान्य नेलें, तिनेंच एकशें चाळीस वर्षांनीं पिण्याचें पाणी आणलें. आणि दख्खनमध्यें उसाचीं शेतें मात्र हिरवींच होतीं.

तेव्हां ज्वारीकडे परत चला, एवढें म्हटल्यानें काम भागत नाहीं. ज्वारी अवर्षण सोसते, गारा सोसत नाहीं. लौकर पेरली तर खोडमाशी लागते, उशिरां पेरली तर ओल सरते. तरीही कमी पाण्यांत धान्य आणि वैरण दोन्ही देणारें दुसरें पीक या काळ्या मातीला माहीत नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गहूं-तांदळाबरोबर भरड धान्यांनाही स्थान दिलें. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें. परंतु वर्ष पाळल्यानें पेव भरत नाहीं. सरकारी खरेदींत, शाळेच्या जेवणांत आणि रेशनच्या पोत्यांत ज्वारी नेमानें येऊं लागेल, तेव्हांच शेतकरी ती नेमानें पेरील.

पाण्याच्या बाबतींत वाट दाखविणारीं उदाहरणें महाराष्ट्रांतच आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां घरांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें, भूमिहीनालाही त्यांत हिस्सा द्यावयाचा आणि ऊस लावावयाचा नाहीं, असे तिचे नियम होते. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं पाणी अडविलें. पण तेवढ्यावर न थांबतां, शेतीसाठीं कूपनलिका न घेण्याचा आणि ऊस-केळीं न लावण्याचा निर्बंध आपण होऊन स्वीकारला. दरवर्षीं पावसाचें मोजमाप घेऊन, आधीं पिण्याचें पाणी, मग चारा आणि मग पीक, असा ताळेबंद मांडण्याची तेथें रीति पडली. अकोले तालुक्यांतील राहीबाई पोपेरे यांनीं गांवरान बियाणें जतन केलें आणि २०२० सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. या तिन्ही ठिकाणीं एक गोष्ट समान आहे. बदल दुष्काळानें लादला म्हणून नव्हे, तर माणसांनीं बसून ठरविला म्हणून टिकला.

इतिहासाचा हा जमाखर्च असा आहे. १८७६ नें शिकविलें कीं, धान्य असून भागत नाहीं. तें घेण्याची ताकद माणसाच्या हातीं पाहिजे. नीरेच्या कालव्यानें शिकविलें कीं, पाणी आणून भागत नाहीं; तें कोणत्या पिकाला जाईल हें ठरवावें लागतें. सोलापूरच्या शेतानें शिकविलें कीं, पावसाचा थेंब जेथें पडतो तेथेंच त्याला धरून ठेवणें ही सर्वांत स्वस्त विद्या आहे. आणि १९७२ नें शिकविलें कीं, सरकारनें व समाजानें मनावर घेतलें तर भुकेनें माणूस मरूं न देणें शक्य आहे. हे चारही धडे निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या किंमतीला विकत घेतलेले आहेत. त्यांतला पहिला पन्नास लाख प्राणांना पडला. ते एकत्र मात्र अजून कोणी वाचलेले नाहींत.

दुष्काळांत तेरावा महिना यावयाचाच. तो पंचांगांत लिहिलेला आहे, आणि आतां तर तो पूर्वीपेक्षां अधिक वेळां येईल अशीं चिन्हें आहेत. परंतु पंचांगाचा एक गुण असा कीं, अधिक मास कधीं येणार हें त्यांत आगाऊ सांगितलेलें असतें. ज्या घरीं तें वाचलें जातें आणि त्या बेतानें धान्य राखलें जातें, त्या घरीं तेराव्या महिन्यांतही चूल पेटते.